नको वैकुंठीची हवा

"आता हा चावडीपुढचा गॅसाचा दिवा म्हणजे काय?" निसळ सरांनी माईकवर विचारलं आणि वर्गात थांबायचे तसे थांबले.

घाटावर बसलेल्यांपैकी कुणी उत्तर देणार नव्हतं. खरं तर उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. गॅसाचा दिवा म्हणजे गॅसबत्ती. वीज आली काय आणि गेली काय, अशा त्या काळात सोंगी भारुडाला चावडीपुढे दोन बत्त्या टांगायचे आणि त्यांच्या उजेडात कारभारीनाना खामकर लुगडं नेसून, गवळण होऊन यायचे. निम्म्या गावाने ते डोळ्यांनी बघितलेलं. पण नानांच्या दहाव्याला आलेली माणसं अशी सरळ उत्तरं देत नसतात. सर सांगतील ते ऐकायचं आणि मान हलवायची, ही आमच्याकडची रीत.

"चावडी म्हणजे हा देह," सर म्हणाले. "आणि दिवा म्हणजे त्यात तेवणारी भक्तीची ज्योत."

"वा!" पुढच्या रांगेतून काकासाहेब म्हणाले. हे काकासाहेब त्याच चावडीपुढे कारभारीनानांच्या मागे टाळ धरून म्हातारे झालेले. त्यांनी 'वा' म्हटल्यावर बाकीच्यांनी माना हलवल्या.

सुहास निसळ आमच्या हायस्कुलात मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर मुलगी भार्गवी त्यांना पुण्याला न्यायला आली होती, पण सर गेले नाहीत. पुण्यात त्यांना माईक कोण देणार होतं? इथे लग्न असो, सत्कार असो, नाहीतर दहावा असो, सर हवेतच. आवाज भरदार, शब्द तोंडात तयार. आमच्या श्रीगोंद्याकडे दहाव्याला भाषण झाल्याशिवाय माणूस नीट गेला असं कुणाला वाटत नाही, आणि सरांकडे प्रत्येक मयतासाठी एक चांगला शब्द असायचा. भांडकुदळ माणूस 'स्पष्टवक्ता' व्हायचा, चिक्कू 'काटकसरी' व्हायचा, आणि आयुष्यभर बायकोला मारणारा 'करारी' व्हायचा. घरच्या लोकांना वाटावं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या दहाव्याला आलोय. सरांना यात काही गैर वाटत नव्हतं. गेलेल्याचं वाईट बोलू नये, एवढंच ते म्हणायचे.

आज मात्र त्यांना नुसता चांगला शब्द शोधायचा नव्हता. आज कविता होती.

नानांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गवळणी म्हटल्या. स्वतःची म्हणून कविता केली ती एकच, तीही कंबर गेल्यावर. मारुतीच्या कट्ट्यावर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते ती म्हणून दाखवायचे. गावात बऱ्याच जणांना ती पाठ झाली होती.

कंबर वाकली आता, पाय धरीनात ताल
आरसा बोलेना खोटं, रंग धरीना हा गाल

नको मोक्ष मला देवा, नको वैकुंठीची हवा
तिथं नाही चावडीचा पेटता गॅसाचा दिवा

घ्यावा पदर पोरींनी, जसा मी घेतला होता
नाव विसरा हो माझं, राहो हात येता-जाता

हा शेवटचा पदर आमच्या गावात खोटा नव्हता. नाना गवळण होऊन यायचे तेव्हा दोन बोटांत पदर धरून मनगटाला असा एक हलका झटका द्यायचे की पदर आपोआप खांद्यावरून डोक्यावर जायचा. पुढे बसलेल्या पुरुषमाणसांच्या तोंडून 'अगं बाई' निघायचं. मागे बसलेल्या पोरी घरी जाऊन आरशापुढे तसाच पदर घेऊन बघायच्या. त्या पोरी आता आज्या झाल्या. अजून तसाच घेतात. कुणाकडून शिकलो, हे त्यांच्या लेकी-सुनांना माहीत नाही.

गेल्या उन्हाळ्यात कट्ट्यावर दुसरं कुणी नाही असं बघून नानांनी सरांना जवळ बसवलं होतं. म्हणाले, "सर, माझ्या दहाव्याला ही म्हना. पन निसती म्हनू नका, अर्थ सांगा. न्हाईतर लोकं हसत्याल. म्हाताऱ्याला मरतानाबी बाई व्हायचं हुतं म्हनत्याल."

सरांनी शिक्षकी सवयीने विचारलं होतं, की नाना, तुमच्या मते अर्थ काय?

नानांनी तंबाखू मळून बार भरला. मग म्हणाले, "मी बत्तीखाली आलो की मला म्हातारपन न्हाई, मरान न्हाई, आसं वाटायचं. शेतात कदी वाटलं न्हाई, देवळात बी न्हाई. तितंच वाटायचं. ते पुना पायजे. दुसरं काय बी नको. तेवढं लोकांस्नी नीट सांगा."

सरांनी सांगतो म्हटलं होतं. त्यात अवघड तरी काय होतं?

अवघड झालं ते आज सकाळी. नानांचा मुलगा हनुमंत सोसायटीचा चेअरमन. त्याची मुलगी संस्कृती हिचं लग्न बारामतीकडच्या मोठ्या घरात ठरलेलं, आणि ते होणारे व्याही सकाळीच दोन गाड्या घेऊन घाटावर आलेले. मुंडण करून ओल्या धोतरात उभ्या असलेल्या हनुमंताने सरांना बाजूला घेतलं. नानांची ती कविता म्हणायलाच पाहिजे का, असं त्याने विचारलं. सर म्हणाले, मी शब्द दिलाय. हनुमंताने मागे व्याह्यांच्या गाड्यांकडे बघितलं.

"मग म्हना," तो म्हणाला. "पन सांभाळून घ्या, सर. झाकली मूठ बरी."

आता यात सरांना काही जड जायला हवं होतं की नाही? नाही गेलं. हनुमंताचं बोलणं संपायच्या आत त्यांच्या डोक्यात अर्थ तयार होता. भारुडाचं असंच तर असतं. वरून सासू-सुनेचं भांडण, आतून जीव आणि माया. वरून विंचू, आतून काम-क्रोध. वरचा अर्थ एक, आतला दुसरा, आणि खरा तो आतला, हे सरांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांकडून घोकून घेतलं होतं. नानांच्या कवितेला मात्र आतला अर्थच नव्हता. जो होता तो सगळा वरच होता, बत्तीच्या उजेडात, नाना उभे राहायचे तसा. हे सरांना कळत होतं. कळत असूनच ते माईककडे गेले.

आणि बोलले तरी काय सुरेख! मोक्ष नको म्हणणारा हाच खरा भक्त, कारण त्याला मुक्ती नको, सेवा हवी असते. पोरी म्हणजे कोण, तर आपली इंद्रियं. पदर म्हणजे मर्यादा. इंद्रियांनी मर्यादेचा पदर घ्यावा, असा उपदेश आमचे कारभारीनाना जाता जाता करून गेले. आणि राहो हात म्हणजे? तो परमेश्वराचा वरदहस्त, तुमच्या-आमच्या डोक्यावर राहो. व्याह्यांनी उपरण्याने डोळे टिपले. हनुमंताच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. सरांचा आवाज आणखी खाली आला, आणखी मऊ झाला. खोटं का सांगा, त्यांना त्या क्षणी फार बरं वाटत होतं. नानांचा त्यांना विसरच पडला होता.

मग त्यांचं लक्ष बायकांच्या घोळक्याकडे गेलं. छबूबाई, नानांची बायको, पुढेच बसली होती. बाकीच्या बायका माना हलवत होत्या. ती हलवत नव्हती. नाना नेसायचे ती लुगडी तिचीच असायची. चावडीमागे उभी राहून निऱ्या तीच घालून द्यायची, अंबाडा तीच बांधायची, आणि मग बाकीच्या बायकांत येऊन बसायची. ती सरांकडे नुसती बघत होती. रागाने नाही, काही नाही. सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी भाषण आवरतं घेतलं.

पिंड घाटाच्या पायरीवर मांडले. बाजूला भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कपभर चहा आणि तंबाखूची पुडी, नानांच्या आवडीचं सगळं. माणसं मागे सरली. पलीकडच्या बाभळीवर कावळे भरपूर होते. खाली मात्र एकही उतरेना.

सुरुवातीला कुणी मनावर घेत नाही. मग कुजबुज सुरू होते. गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, इच्छा राहिलीये, म्हणून कावळा शिवत नाही. मग घरचे एकेक जण हात जोडून पुढे येतात आणि मोठ्याने शब्द देतात. हनुमंत पुढे झाला आणि आईला फुलासारखं सांभाळीन म्हणाला. कावळे हलले नाहीत. संस्कृतीचं लग्न थाटात करून देतो म्हणाला. नाही. पुतण्या पुढे आला आणि बांधाचं भांडण मिटवतो, मोजणीचा अर्ज मागे घेतो, असं सगळ्यांदेखत बोलून बसला. त्याची बायको मागून त्याच्याकडे डोळे वटारून बघत होती. पण कावळ्यांना त्यात काही गोडी वाटली नाही.

ऊन चढलं. विधी करणाऱ्या गुरुजींना पुढे दुसऱ्या गावी जायचं होतं, ते सारखे मोबाईल बघत होते. कुणीतरी म्हणालं, सर, तुम्हीच सांगा, तुमचं नाना ऐकायचे. सर माईक घेऊन पुढे झाले. हात जोडले. "नाना, मागची काळजी करू नका, मोक्षमार्गाला लागा," असं म्हणाले. बाभळीच्या खालच्या फांदीवर एक कावळा त्यातल्या त्यात जवळ बसला होता, तोही उडून पंपाच्या खोलीवर जाऊन बसला. दोघं-तिघं हसले आणि खोकल्यात हसू दाबलं.

तेव्हा छबूबाई उठली. पायऱ्या उतरून सरांजवळ आली. माईक सरांच्या हातात होता, तिने तो हाताने खाली दाबला आणि हळू आवाजात बोलली.

"सर, त्येंला मोक्ष नको हुता. तुमी तोच दिला."

माईक हातात होता, चालू होता, समोर अख्खा गाव होता. आता नुसतं खरं बोलायचं होतं. कारभारीनानांना बाईच्या वेशात नाचताना सुख व्हायचं, आणि मेल्यावरही त्यांना तेच हवं होतं. एवढं एक वाक्य. सरांनी हजारो वाक्यं माईकवर म्हटली होती, असलं एकही म्हटलं नव्हतं. कवितेचा आणखी एक पैलू, अशी सुरुवात त्यांना सुचली. मग त्यांना त्या सुरुवातीचीच किळस आली. समोर व्याही बसले होते. सर तसेच उभे राहिले. लाजेने माणूस लाल होतो म्हणतात. सर पांढरे पडले होते.

छबूबाईचं बोलणं हनुमंताने ऐकलं होतं. तो पिंडांपुढे उकिडवा बसला. सरांचा माईक त्याने मागितला नाही. गरजही नव्हती, घाटावर आवाज घुमतो.

"नाना," तो म्हणाला, "सर म्हनले तसं काय न्हाई. तुमी बत्तीखाली नाचायचे. मला लाज वाटायची. शाळंत पोरं मला नाचीचं पोरगं म्हनायची, मग मी घरी येऊन तुमच्याशी बोलायचो न्हाई. मोठा झालो तरी बोललो न्हाई. तुमचे पायातले चाळ मीच माळ्यावर टाकले, उंदरांनी चामडं खाल्लं, तुमी इचारलं तर म्या म्हनलो ठाव न्हाई. आज बी सरांना मीच म्हनलो, झाका." मग म्हणाला, "तुमी दिसायला लई चांगले दिसायचे, नाना. मी लपून बघायचो."

त्याने पायरीवर कपाळ टेकलं. त्याच्या भादरलेल्या डोक्यावर ऊन पडलं होतं. व्याही नदीकडे बघत होते. काकासाहेब टोपी काढून डोकं खाजवत होते. छबूबाई लेकाच्या मागे उभी होती, तिने काही त्याच्या पाठीवर हात बित ठेवला नाही.

आता कावळा यायला हवा होता. गोष्टीत आला असता. नाही आला.

गुरुजींनी आणखी जरा वाट बघितली. मग पिशवीतून दर्भ काढला, दोन पेड वळले, एका टोकाला चोच केली, दुसऱ्या टोकाला शेपटी सोडली आणि गाठ मारली. हनुमंताच्या हातात तो गवताचा कावळा दिला, त्याचा हात धरला आणि पिंडाला टेकवला. "शिवला," गुरुजी म्हणाले. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. असं चालतं. शास्त्रात सोय आहे.

पुढचं काम सरांचंच होतं. जेवायला बसायची सूचना तेच देतात, नाहीतर लोक तसेच निघून जातात. सरांनी माईक तोंडाजवळ नेला. आता सांगायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. बापाची लाज लेकाने सगळ्यांसमोर सोडली, मग आपल्याला कसली भीती?

"मघाशी मी कवितेचा जो अर्थ सांगितला..." सर म्हणाले.

हनुमंताने मान वर केली. छबूबाईनेही बघितलं. उठू लागलेली माणसं पुन्हा टेकली. आणि व्याहीही आता नदीकडून वळून सरांकडे बघू लागले.

"...तो आत्ता हनुमंतरावांनी आपल्या हृद्य शब्दांत पूर्ण केला," सर म्हणाले. "पितृप्रेमाचा असा आविष्कार विरळा. सर्वांनी जेवण करून जावे, ही नम्र विनंती."

शब्द तोंडातून गेले आणि मग सरांना कळलं, की आपण हेही झाकलं. लेकाने एवढं उघडं केलं होतं, त्याच्यावरही आपण आपली शाल घातली. छबूबाई वळून बायकांत निघून गेली. हनुमंताने सरांना वाकून नमस्कार केला आणि पंगतीची व्यवस्था बघायला गेला, आणि त्या नमस्काराने सरांना कुठे तोंड लपवावं असं झालं.

सर न जेवताच निघाले होते. गाडीला किल्लीही लावली होती. पण दहाव्याचं जेवण टाळून जाऊ नये म्हणून दोघांनी हाताला धरून परत आणलं आणि मंडपात पंगतीच्या टोकाला बसवलं. आमटी, भात, बुंदी. वाढपी येत-जात होते. शेजारी काकासाहेब बसले होते, ते भुरके मारत जेवत होते. जरा पोट भरल्यावर ते सरांकडे सरकले.

"सर, आज लई ग्वाड बोललात," ते म्हणाले.

सर म्हणाले, की नाही हो, आज फार चुकलं माझं. नानांना तसं म्हणायचंच नव्हतं.

"त्ये मला ठाव न्हाई व्हय? मी मागंच उभा आसायचो की जलमभर." काकासाहेबांनी आवाज आणखी खाली आणला. "पन कसं झाकलंत! हनुमंता बिचारा हळवा, त्यानं उगाच उघडं केलं. लोकं दोन दिसांत इसरत्याल त्याचं. तुमचं ध्यानात ऱ्हाईल." त्यांनी इकडे-तिकडे बघितलं. "आता माझं बी वय झालं. आमचं बी काय काय हाय, सर. आजवर कुनाला सांगितलं न्हाई. माझ्या दहाव्याला तुमीच बोला, आन आसंच झाका."

सर भात कालवत राहिले. आमटी भाताबाहेर येऊन पानभर पसरली तरी कालवत राहिले.

"बघू," ते म्हणाले.

"बघू न्हाई. शबूद द्या," काकासाहेब म्हणाले आणि हातातला घास तसाच धरून थांबले. ते खरंच घाबरलेले दिसत होते.

सरांनी पानाकडे बघत शब्द दिला.